खूण राहिली

“हे वाक्य तुझं नाही.” सरांनी शोधनिबंधाचं पान विद्यार्थिनीसमोर आपटलं.

‘नळ आले, आणि गावातल्या विहिरी एका उन्हाळ्यात पोरक्या झाल्या.’ खाली लाल रेघ इतक्या जोरात मारली होती की कागद फाटला होता.

“टिपणाच्या कार्डावर होतं, सर. मला वाटलं, माझंच असेल.”

“वाटलं! अगं, पुस्तकातले शब्द अवतरणचिन्हांत, आपले बाहेर. खाली लेखक, वर्ष, पान. वर्षभर कानीकपाळी ओरडतोय. तुमचे कान शाबूत, घसा माझा बसला!”

निबंध शुक्रवारी द्यायचा होता. सरांची सही नाही, तर तिचं वर्ष वाया.

“मूळ शोधून आण,” सर म्हणाले. “नाहीतर चोरीचा शेरा मारून समितीकडे पाठवतो.”

खरं तर सर स्वतःवरही चिडले होते. हे वाक्य त्यांनी कुठंतरी नक्की वाचलं होतं आणि कुठं ते काही केल्या आठवत नव्हतं. जेवताना त्यांनी ते तीनदा पुटपुटून पाहिलं.

“अहो, त्या विहिरी राहू द्या, आधी घास गिळा,” बायको वैतागून म्हणाली.

या पोरांना म्हणावं तरी काय? पानांचे फोटो काढायचे, अर्धंमुर्धं उतरवायचं, नाव-गाव काही लिहायचं नाही, आणि मग रडत बसायचं. हिनं पुस्तकं, प्रबंध अशी सात संदर्भसाधनं वाचली होती आणि एकाही कार्डावर साधनाचं नाव नव्हतं. आता सातही पुन्हा पहिल्या पानापासून वाचणं आलं.

शुक्रवारी दुपारी ती आली. डोळे लाल, हातात झेरॉक्स. पाणीपुरवठ्याचा साठ वर्षांपूर्वीचा अहवाल, एका आरोग्य अधिकाऱ्यानं लिहिलेला. अठराव्या पानावर तेच वाक्य, शब्दन्‌शब्द.

“बघ!” सरांना अगदी हायसं वाटलं. “हा माणूस उन्हातान्हात विहिरी मोजत फिरला, आणि त्याचं वाक्य दुसऱ्यानं आपल्या नावावर खपवायचं? असं करणारा कुणीही असो, मी त्याला चोरच म्हणेन.”

“हो, सर.”

“चल, कार्ड काढ. वाक्य अवतरणचिन्हांत. आणि जिथून उतरवलंस, त्याचं नाव खाली.”

तिनं वाक्य लिहिलं, दोन्ही बाजूंना चिन्हं दिली आणि पेन थांबवलं.

“आता काय?” सर खेकसले. “सही हवीय ना?”

“सर, हा अहवाल मी काल पहिल्यांदा पाहिला. तुमच्या पीएचडीच्या प्रबंधात शेवटी संदर्भांची यादी आहे ना, त्यात सापडला. मी वाक्य उतरवलं होतं ते त्या प्रबंधातून. पान एकशे बारा. तिथं अवतरणचिन्हं नाहीत.” तिनं मान वर केली. “कार्डावर नाव कुणाचं लिहू?”