मोसंबीच्या फुलांचा सिरका

"इन्सुलिन घेणार नाही," मधुसूदनरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि दवाखान्याच्या खाटेवर तोंड भिंतीकडं वळवलं.

दमयंतीनं वडिलांच्या पायाकडं पाहिलं. टाचेची जखम काळी पडत चालली होती. साखर चारशेच्या वर होती. डॉक्टर नुकतेच बजावून गेले होते, "संध्याकाळपर्यंत सुरू केलं नाही, तर पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

मधुसूदनराव शहरातल्या गारखेड्यातले निवृत्त मुख्याध्यापक. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मोसंबीच्या फुलांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, सुरू केला आणि घरात न सांगता गोळ्या बंद केल्या. पिशोर गावच्या वच्छलाबाई तो सिरका बनवायच्या. त्यांची शुगर त्यानंच उतरली, असं बाटलीवर छापलं होतं.

"त्या बाईंनी समोर येऊन सांगितलं, तरच घेईन," ते म्हणाले.

दमयंतीनं बाटलीवरच्या नंबरावर फोन लावला. चार वाजता वच्छलाबाई पिशोरहून एस.टी.नं आल्या. त्यांचा मुलगा बद्रीनाथ शहरातच राहायचा, बाटल्या तोच विकायचा; फोनही त्यानंच उचलला होता. त्यानं आईला दवाखान्याच्या व्हरांड्यातच गाठलं.

"माय, इन्सुलिन घ्या म्हण त्यांना. पण सिरक्याला नावं ठेवू नको. मी खोटं छापलं नाय. तुझी शुगर त्यानंच उतरली ना?"

 वच्छलाबाई तशाच खोलीत शिरल्या. बद्रीनाथ मागोमाग आत आला.

मधुसूदनराव उठून बसले. त्यांनी हात जोडले. "बाई, खरं सांगा. तुमच्या सिरक्यात गुण आहे ना?"

"हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. बद्रीनाथचा जीव भांड्यात पडला.

"काकडीवर चमचाभर घातला की तोंडाला चव येती. जेवल्यावर शुगर जराशी कमी चढत असंल बी, असं आमचे डॉक्टर म्हणत्यात. तेवढाच गुण."

"मग तुमची शुगर कशानं उतरली?"

वच्छलाबाई स्टुलावर बसल्या. डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

"दगड पडला व्हता तिच्या पायावर," बद्रीनाथ घाईनं म्हणाला.

"नाय पडला. तुला तसं खोटंच सांगितलं व्हतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बी सिरक्यावर भरवसा ठेवून गोळ्या सोडल्या व्हत्या, गुरुजी. बोटं गेली. तवापासून दोन टाइम इन्सुलिनची सुई टोचून घेते."

मधुसूदनराव बराच वेळ त्या पायाकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "दमयंती, नर्सला बोलव."

दमयंती धावतच बाहेर गेली. बद्रीनाथ आईसमोर खाली बसला.

"लोकांना काय सांगू आता? माय, मी छापायच्या आधी का नाय बोललीस?"

वच्छलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला बरी झालेली बघून तूच म्हणालास, सिरक्याचा गुण आला, आता हाच धंदा करतो. कंपनीतून काढल्यापासून त्या दिवशी तू पहिल्यांदा हसला व्हतास, बद्री."