बहिरा पिकअप

गिटारच्या पिकअपवर स्क्रूड्रायव्हरनं टक केलं की ॲम्पच्या स्पीकरमधून टक यायला हवं. तेवढंच यायला हवं. त्या दुपारी टक आलं, पाठोपाठ घरघर आली आणि घरघरीतून एका पुरुषाचा आवाज आला, "तिसरी तार उतरलीये, चिमे."

गिटार दुरुस्त करणाऱ्यानं हात मागे घेतला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, अर्थिंगवर होता. त्यानं प्लग काढून दुसऱ्या बोर्डात घातला, केबल बदलली. मग सहज म्हणून तिसरी तार तपासली. ती केसभर उतरलेली होती.

"रेडिओ पकडतोय," तो समोरच्या मुलीला म्हणाला. "जुन्या कॉइलला ही खोड असते."

"रेडिओ मला चिमे म्हणतो का, काका?"

त्यानं ॲम्पचा आवाज बारीक केला.

"बाबांची गिटार आहे," ती म्हणाली. "ते गेले, मग मी वाजवायला घेतली. सुरुवातीला नुसतं खाकरायचे. आता चुका काढतात. मागच्या कार्यक्रमात भर स्टेजवर म्हणाले, घाई करतेस. माझी बोटं जागच्या जागी थिजली. ग्रुपवाल्यांनी सांगून टाकलंय, आणखी एकदा मधेच थांबलीस तर दुसरं कुणीतरी बघू. शनिवारी कार्यक्रम आहे. त्याआधी हा पिकअप बदलून द्या."

"गेल्यावरसुद्धा चुका काढतात?"

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, काका." ती हसायला गेली, पण ते काही जमलं नाही.

आवाज येत होता तो ब्रिजला, तारा टेकतात त्या पट्टीला, लागून बसवलेल्या पिकअपमधून. चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तार, एवढीच ती वस्तू. तार मेणात मुरवलेली नसली की ती माइकसारखी वागते, तारांचं सोडून खोलीतलं सगळं ऐकत बसते. हे त्यानं हजारदा पाहिलं होतं, आणि त्यावर एक ठरलेलं उत्तर होतं. ते त्याच्या तोंडून निघूनही गेलं.

"बदलायचा कशाला? गरम मेणात बुडवून काढतो. तोंड बंद होईल त्याचं."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याला स्वतःचंच वाटलं.

"त्यांना काढा," ती हळूच म्हणाली. "पण तोंड नका बंद करू."

त्यानं खणातून तीन पिकअप काढले. एकदम सोल्डरचा डाग द्यायचा नाही, आधी चिमट्यांनी वायरी जोडून गिऱ्हाइकाला ऐकवायचं, ही त्याची पद्धत. पहिला जोडून त्यानं गिटार तिच्या मांडीवर दिली. तिनं वाजवलीच नाही. हाताच्या तळव्यानं सगळ्या तारा दाबून धरल्या आणि ॲम्पकडे कान देऊन बसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकं सूर ऐकून पिकअप निवडताना त्यानं पाहिली होती, शांतता ऐकून निवडणारी ही पहिलीच.

"हा खूप गुणगुणतो," ती म्हणाली. "गुणगुण असली की त्यात कुणीही लपतं."

दुसरा गोड वाजणारा होता. त्याचं कौतुक करायला त्यानं तोंड उघडलं, तर तिनं विचारलं, "याला मेण दिलंय?"

"नाही. जुन्या धाटणीचा आहे तो."

"मग तिथे कुणी नाहीये अजून. पण येऊ शकतं."

तिसरा बुडापर्यंत मेणानं भरलेला. त्यावर टक केलं तरी ॲम्पमधून जेमतेम काही आलं. "हा ठार बहिरा आहे," तो म्हणाला. "सूरही थोडा कोरडा. तुमच्या गिटारला शोभणार नाही, ताई, खरं सांगतो."

"हाच द्या."

त्यानं डाग दिला, तारा लावल्या. मग ती वाजवायला लागली. पहिल्यांदा मान आत ओढून, कुणीतरी टपली मारेल म्हणून बसल्यासारखी. कुणी काही बोललं नाही. तिचे खांदे खाली आले. ती घाई करत होती, हे त्यालाही कळलं, आणि त्या घाईतच सगळी मजा होती. तो हातातलं काम विसरून ऐकत राहिला.

निघताना त्यानं विचारलं, "जुना बांधून देऊ?"

"नको," ती दारातून म्हणाली. "घरी आई आहे. ती आत्ता कुठे झोपायला लागलीये."

जुना पिकअप टेबलावर राहिला. दोन वायरी आणि बुडाला चिकटलेली धूळ. काढलेला भाग तपासल्याशिवाय टाकायचा नाही, ही सवय. आणि सवयीपुढे भीतीचंही फारसं चालत नाही. त्यानं चिमटे लावले. घरघर आली. त्यानं टक केलं नव्हतं.

"गेली का?" आवाजानं विचारलं.

दुरुस्त करणाऱ्यानं चिमटे काढायला हात पुढे केला. पण विचारणाऱ्याला उत्तर न देणं त्याला जमेना. तो वाकून कॉइलपाशी तोंड नेत म्हणाला, "गेली."

"थांबली का मधे?"

"नाही. शेवटपर्यंत वाजवलं."

खिडकीतून समोरचा बसथांबा दिसत होता. मुलगी पाठीला गिटार लावून तिथे उभी होती, बोटांनी खांबावर काहीतरी वाजवत.

"फार छान वाजवते," आवाज म्हणाला. "मला आयुष्यभर जमलं नाही तसं."

तिला हाक मारायला तो ताडकन उठला. खुर्ची मागे सरकली, आणि तो घासल्याचा आवाज मोठा होऊन ॲम्पमधून बाहेर आला.

"बसा," आवाज म्हणाला. "तिला सांगू नका. शेफारेल."