नंबर एकची लोकर

लोकरीला आकडे तुम्ही दिलेत. आमच्याकडे गिरणीच्या लोकरीचा आकडा चढतो तसा धागा बारीक होत जातो. अठ्ठावीस नंबर टोपीला, सोळा नंबर स्वेटरला, आणि एक नंबर म्हणजे निव्वळ सुंभ, त्याने मेंढ्या बांधाव्यात. उत्तरेला, सरहद्दीपलीकडे, तुम्ही सगळं उलटं केलंत. तिकडे एक म्हणजे बारीक आणि सहा म्हणजे जाडजूड. कुणाला विचारून केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आमच्या तळ्यातल्या बेटावर सांगायचं मात्र राहून गेलं.

मेल्चोरची होडी सकाळी धक्क्याला लागली तेव्हा म्हातारा सिप्रियानो पायरीवर उभ्याउभ्या विणत होता. शेजारी त्याची सून इग्नासिया टकळीवर सूत कातत होती. बेटावर बायकांनी कातायचं आणि पुरुषांनी विणायचं.

"काय गं इग्नासिया," मेल्चोर होडीतूनच ओरडला, हातात जाड पाकीट नाचवत. "पाकिटावर उत्तरेचं तिकीट आहे! लिनोला तिकडे दुसरी मिळाली वाटतं. फारकतीचा कागद असणार!"

"मिळू दे," ती म्हणाली. "जिवंत तर आहे म्हणायचं."

म्हातारा खो-खो हसला. लिनो त्याचा एकुलता एक. तिकडच्या डोंगरात दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायला गेलेला. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा फोन नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या कचेरीने सिप्रियानोला बोलावलं होतं. तिकडच्या बर्फात एक मेंढपाळ मेलेला सापडला होता, चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. कारकुनाने कागद वाचून दाखवला: लाल टोपी, हाताने विणलेली, लोकर नंबर एक. फोटो नव्हता. सिप्रियानो तेव्हाही असाच हसला होता. "एक नंबर? साहेब, माझा लिनो सुंभाची टोपी घालील? आमच्यात तसल्या टोपीवाल्याला कुणी पोरगी देत नाही." मग 'हा माझा मुलगा नाही' या ओळीखाली त्याने सही केली आणि सुनेसाठी गोड पाव घेऊन घरी आला.

सुनेने पाव खाल्ला नाही. तिने उत्तरेला पत्र लिहिलं, ती टोपी मला एकदा दाखवा म्हणून.

आता पाकिटातून ती निघाली. पारदर्शक पिशवीत, घडी घातलेली. टोकापर्यंत लाल, म्हणजे लग्न झालेल्याची.

सिप्रियानोने पिशवी फाडली. कड दोन बोटांत धरून चोळली. एकदा. पुन्हा एकदा. त्याचं स्वतःचं विणकाम हातातून सुटून पायरीवर पडलं.

"पाणी दे रे," तो म्हणाला.

मेल्चोरने तळ्यातून डबा भरून दिला. आता तो हसत नव्हता. बेटावर पोरगी मागणाऱ्याने लग्नासाठी विणून आणलेली टोपी अशीच उलटी धरून पाण्याने भरतात. गळली तर पोरगी नाही.

म्हाताऱ्याने टोपी उलटी धरली आणि पाणी ओतलं. ते काठापर्यंत आलं आणि राहिलं. तिघंही बघत होते. डाव्या कानाच्या पट्टीपाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. मग तिसरा. मग काही नाही.

"तीन," इग्नासिया म्हणाली. "माझ्या बापाने मोजले होते. म्हणाला होता, तीन चालतील, पोरगीही थोडी रडकीच आहे."

पाकिटातला कागद तिनेच वाचला, बोट ठेवून ठेवून. टोपीचं वर्णन तेच होतं: लोकर नंबर एक. पण त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: अतिशय बारीक धागा. शहरातल्या कारकुनाच्या फॉर्मात फक्त आकड्यापुरती चौकट होती. खाली आणखी एक ओळ होती. कुटुंबाने नाकारल्यामुळे बेवारस म्हणून दफन.

"कुटुंबाने," म्हातारा म्हणाला.

"पाव घेऊन आलात तेव्हाच मी म्हटलं होतं मामंजी, टोपी मागवून बघा. तुम्ही म्हणालात, रंडकी व्हायची घाई झालीय का तुला."

"म्हणालो."

"सही केलीत."

"केली."

मेल्चोर मध्ये पडला. "अगं, पण त्या कारकुनाने धड वाचून दाखवायला नको? आणि काकांना तरी काय माहीत, तिकडे उलटं..."

"तू गप बस," म्हातारा म्हणाला. "धागा मला माहीत नाही? अख्ख्या तळ्यात मला विचारून लोकर घेतात लोक. मी एवढंसुद्धा म्हणालो नाही, की दाखवा. आकडा ऐकला आणि हसलो."

टोपी त्याने दोन्ही हातांत तशीच धरली होती. आतलं पाणी हलत होतं. ते ओतून टाकणं काही त्याला जमेना. शेवटी इग्नासियाने त्याच्या हातांखाली हात घातले आणि टोपी हळूच कलती केली.

मग ती खाली बसली, कागद उलटा करून मांडीवर घेतला आणि मेल्चोरकडे हात पुढे केला. त्याने खिशातलं पेन दिलं.

"काय लिहू? चूक झाली म्हणून?"

"कुणाची झाली ते त्यांना लिहू दे," म्हातारा म्हणाला. "तू लिही, टोपी मिळाली. आमची आहे. लिनोची आहे, सिप्रियानोच्या मुलाची."

तिने लिहिलं.

"पुढं?"

म्हाताऱ्याने ओली टोपी पिळली नाही. बंडीच्या आत, छातीशी कोंबली. बोलताना त्याचे दात वाजत होते.

"पुढं लिही. टोपी तुम्ही इकडे पाठवलीत. तिकडे तर बर्फ पडतं. मग मातीत घातलंत तेव्हा त्याच्या डोक्यावर काय होतं? उत्तर द्या."