खिडकीजवळचं टेबल

आई जाऊन सोळा दिवस झाले होते. आर. के. पुरममधलं तिचं घर आवरता आवरता मला एकाएकी तापास, ते चिमुकल्या बशीतले स्पॅनिश पदार्थ, खावेसे वाटले. स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या नऊ वर्षांत मी त्या छोट्या छोट्या बशांवरच जगले, आणि शेवटची तीन वर्षं तर मला दिल्लीला येणंही जमलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर बशी दाखवली की आई म्हणायची, "हे काय गं, नैवेद्याएवढं? याने पोट भरतं तुझं?"

दिल्लीत चांगले तापास कुठे मिळतात ते शोधलं. मेहरौलीतल्या एका स्पॅनिश रेस्टॉरंटचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. माझं तिकडचं सिम इथे चालत नव्हतं, म्हणून आईच्या फोनवरून नंबर लावला.

मी नुसतं हॅलो म्हणाले, तोच पलीकडचा माणूस आपुलकीने बोलू लागला. "नमस्ते वैजयंती आंटी, बहुत दिनों बाद! वही खिड़की वाला टेबल ना, दो लोगों का?"

आईचा नंबर पाहून तो मलाच आई समजला होता. त्याला वाटलं, आवाज पोहोचत नाहीये. तो जरा मोठ्याने म्हणाला, "आंटी, इस बार बेटी सच में आ रही है ना? हर बार आप उसकी प्लेट लगवाती हैं, फिर अकेली खाकर चली जाती हैं."



"आ रही है," मी म्हणाले. "प्लेट दोनों लगा दीजिए."