हिरव्या रेघा

"मावशी, हितं थांबावं लागतंय," म्हणत आश्रुबानं हातातला खरडायचा पत्रा खाली घेतला.

वळत असलेली वात तशीच हातात धरून पार्वतीबाई देवघरापासून उठून माजघरात आल्या. पुढच्या सोमवारी त्यांच्या सोळा सोमवारांचं उद्यापन. अर्धं मानवत गाव जेवायला येणार, म्हणून भिंतींना पुट्टी लावून घ्यायची होती. पिंगळीचा रंगारी आश्रुबा सकाळपासून भिंत ओली करकरून जुना हिरवा ऑइलपेंट खरडत होता. एक पोपडा जरी राहिला तरी वरची पुट्टी धरत नाही, असं त्याचं म्हणणं.

"काय झालं रे?"

"ह्या कोपऱ्यात बघा की."

रंगाखालचा पांढरा चुना उघडा पडला होता. त्यावर, जमिनीपासून दीड हातावर, हिरव्या रेघा राहिल्या होत्या. कुणीतरी कधीकाळी चुन्यात टोकदार काहीतरी ओढलं होतं आणि नंतरचा रंग त्या ओरखड्यांत जाऊन बसला होता. चार रेघा, मग थोडी जागा. पुन्हा चार. अशा ओळींखाली ओळी, पार दाराच्या चौकटीपर्यंत.

"व्रताची मोजणी हाय जनू," आश्रुबा आवाज उतरवून म्हणाला. "लय खडतर दिसतंय. किती वर्सं केलं वो तुमी?" त्यानं भिंतीला हात जोडले. "देवाच्या मोजणीवर पत्रा कसा फिरवू? तुमीच सांगा."

पार्वतीबाईंनी वाकून रेघा मोजल्या. चार. पुन्हा चार.

महिन्याचे ते चार दिवस सुनेची, राजेश्रीची, सतरंजी ह्याच कोपऱ्यात असायची. विटाळ नको म्हणून पार्वतीबाई चहाचा कप लांब फरशीवर ठेवायच्या आणि काठीनं पुढं सरकवायच्या. राजेश्री भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची. ती तिथं काय करते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

'हो, माझंच', एवढं म्हटलं तरी भागत होतं. शब्द अगदी ओठावर आला. तेवढ्यात राजेश्रीच दोन कप चहा घेऊन आली आणि भिंतीकडं बघून थबकली.

"वैनी, मावशीचं हे कोनचं व्रत वो?"

राजेश्रीनं आश्रुबाला कप दिला.

"व्रत त्यांचंच," ती म्हणाली. "पाळलं मी."

आश्रुबानं एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा सासूकडं. मग कप घेऊन तो गुमान बाहेर ओट्यावर गेला.

पार्वतीबाई कोपऱ्यात जाऊन खाली बसल्या. रेघा बरोबर डोळ्यांसमोर आल्या. इतक्या वर्षांत त्या ह्या जागी एकदाही टेकल्या नव्हत्या. इथून देवघरातली समईसुद्धा दिसत नव्हती.

"राजेश्री..." त्यांनी भिंतीकडंच बघत हाक मारली.

पाठीमागं कपबशी किणकिणली. फरशीवर कप टेकल्याचा आवाज येईल म्हणून पार्वतीबाई मान खाली घालून वाट बघत राहिल्या.

तो आवाज आला नाही. राजेश्री वाकली.

"घ्या आत्याबाई," म्हणाली, आणि कप तिनं त्यांच्या हातात दिला.