चुकलं तर कापता येतं

सुखी संसारावरची त्या जोडप्याची ऑनलाइन व्याख्यानं फार चालत. या वेळी आयोजकांना कार्यक्रम लाइव्ह हवा होता. “डोकं फिरलंय त्यांचं?” नवरा उखडला. “रेकॉर्ड करूनच पाठवायचं. चुकलं तर कापता येतं.” चुकायची तीच, मार खायची तीच आणि तेवढा तुकडा कापून टाकायचीही तीच. कॉम्प्युटरला तो हात लावत नसे. आज तिने आयोजकांना परस्पर होकार कळवला आणि गुपचूप लाइव्हचं बटण दाबलं. “बायकोशी नेहमी प्रेमाने बोला,” नवरा कॅमेऱ्याकडे बघत हसला. पुढचं वाक्य तिचं. ती मुद्दाम अडखळली. खाडकन थोबाडीत बसली. मग त्याने केसांना धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. हजारो लोक बघताहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं. “गधडे, तेवढं काप आणि पुन्हा घे!” “घेते की.” रक्त न पुसताच ती पुन्हा अडखळली.