थोबिलेचा वाटा

उमलाझी वस्तीतल्या बाराजणींनी मिळून वर्षभर किराण्याची भिशी लावली होती. डिसेंबरात घाऊक भावाने माल आला आणि भिशी सांभाळणाऱ्या मा जोबेंच्या गॅरेजात ढीग लागले. मक्याचं पीठ, साखर, तेल, डब्यातले मासे. पण ढीग अकराच होते.

थोबिलेचा नवरा वेलापी ढकलगाडी घेऊन दारातच उभा होता. "आमचा वाटा कुठाय?"

"कसला वाटा?" मा जोबे कडाडल्या. "जूनपासून तुमचा हप्ता नाही. सगळी कमाई गुत्त्यावर ओतायची आणि नाताळाला गाडी घेऊन यायचं? लाज आहे का?"

थोबिले तोंडावर ओंजळ धरून रडायला लागली. एकही बाई तिच्या बाजूने बोलली नाही.

"बसा मग माल कवटाळून!" वेलापीने रिकाम्या गाडीला लाथ घातली आणि शिव्या देत निघून गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग मा जोबेंनी दाराला आतून कडी घातली.

"मेल्याने गेल्या वर्षी तासाभरात सगळं विकून खाल्लं होतं," त्या थोबिलेला म्हणाल्या. "तुझे हप्ते पुरे आहेत; तुझं पीठ माझ्या पलंगाखाली आहे, तेल-साखर या लिंडेनीकडे. लागेल तसं नेत जा, त्याने विचारलं तर उसनं आणलंय म्हण. आणि एवढं खरं रडतात का गं? मी पुढचं बोलायचंच विसरले असते."